शाश्वत आनंद आणि आपले कठीण दिवस

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिली म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पताका, वाद्यें, मिरवणूक व मेजवानी हीं उभीं राहतात. तीं असूं नयेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ज्या इब्री शब्दावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली कीं, दर पन्नासाव्या वर्षीं तें शिंग देशभर फुंकावें, दासांस मोकळें करावें व हातची गेलेली जमीन ज्याची त्यास परत द्यावी. तें शिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें, हें मात्र फार थोड्यांच्या लक्षांत असतें. तें सुगीच्या सणास फुंकावयाचें नव्हतें; प्रायश्चित्ताच्या दिवशीं, म्हणजे सर्व लोक उपाशी राहून आपल्या पापांबद्दल शोक करीत त्या दिवशीं, फुंकावयाचें होतें. आनंदाची घोषणा आणि उपवास हीं एकाच दिवशीं! ही जोडी देवानें सहज घातली असेल असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तिच्याविषयींच आज आपणांशीं चार शब्द बोलावे असा आमचा विचार आहे.

ज्युबिली समितीच्या मंडळींनीं, आम्ही धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी सूचना केली होती. तो पुस्तिकेंत यावयाचाच आहे; म्हणून आम्हीं मुद्दाम दुसरा विषय घेतला. धर्मगुरूस सणाच्या दिवशीं लोकांचे धुतलेले कपडे दिसतात आणि इतर दिवशीं त्यांचीं घरें दिसतात. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लोहमार्गाच्या दोहों बाजूंस जीं ख्रिस्ती घरें आहेत, त्यांत वसईकडचीं आहेत, नगर-संगमनेरकडचीं आहेत, गोमंतक, मंगळूर व मलबारचींही आहेत. बोली निराळ्या, जेवणें निराळीं. परंतु दाराआडचीं दुःखें फारशीं निराळीं नाहींत. काम सुटलेला बाप, घराच्या कर्जाचे हप्ते, अंथरुणास खिळलेली आजी, दारूपायीं मोडलेला संसार, दूर देशीं जाऊन पत्र ना निरोप अशा मुलाची वाट पाहणारी आई. अशा घरांतून एखादा शहाणा मनुष्य आम्हांस विचारतो, "फादर, तुम्ही वेदीवरून आनंद करा म्हणतां, पण कशाचा?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. याचें उत्तर धर्मगुरूस देतां आलें पाहिजे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें हल्लीं फार स्वस्त झालीं आहेत, व आमच्या मतें दोन्हीं खोटीं आहेत. पहिलें उत्तर भाड्याच्या सभागृहांतून मिळतें: विश्वास ठेवा, हात वर करा, म्हणजे नोकरी लागेल, दुखणें जाईल, कर्ज फिटेल, व मग आनंदच आनंद! आपल्यांतील कांहीं कुटुंबें तिकडे ओढलीं गेलीं आहेत हें आम्ही जाणतों, व त्यांस आम्ही दोष देत नाहीं. बुडणारा मनुष्य दोर कोणाचा हें पाहत नाहीं. परंतु ज्या दिवशीं नोकरी लागत नाहीं, त्या दिवशीं त्याच मनुष्यास सांगण्यांत येतें कीं, तुझा विश्वास उणा पडला. म्हणजे आधीं पोटावर घाव व मग आत्म्यावर. प्रभूनें आपल्या शिष्यांस कधींही असा करार लिहून दिला नव्हता. त्यानें त्यांस क्रूस उचलावयास सांगितलें.

दुसरें उत्तर आपल्याच देवळाच्या पायऱ्यांवर ऐकूं येतें. घरांत प्रेत असतांना कोणी तरी सोज्वळ चेहऱ्यानें म्हणतें, "ख्रिस्ती मनुष्यानें रडूं नये." असें म्हणणाऱ्यानें संत योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हां वाचावा. लाझाराच्या थडग्यापाशीं आपला प्रभु रडला. थोड्याच वेळांत आपण त्यास उठविणार हें ठाऊक असूनही रडला. ख्रिस्ती आनंद अश्रूंच्या जागीं येत नाहीं, तो अश्रूंच्या शेजारीं बसतो.

संत पौलाचें उदाहरण घ्या. फिलिप्पै नगरींत त्यास व सीलास यास फटके मारून, पाय खोड्यांत अडकवून, आंतल्या कोठडींत टाकिलें होतें; आणि मध्यरात्रीं ते दोघे देवाचीं स्तोत्रें गात होते व इतर कैदी ऐकत होते. पुढें तोच पौल दुसऱ्या एका कैदेंतून त्याच फिलिप्पैच्या लोकांस पत्र लिहितो, आणि त्या चार अध्यायांच्या लहानशा पत्रांत आनंद हा शब्द पुन्हांपुन्हां येतो. म्हणून त्यास आनंदाचें पत्र म्हणतात. परंतु त्याच पत्रांत एपफ्रदीत नांवाच्या मनुष्याची हकीगत आहे. फिलिप्पैच्या मंडळीनें पौलासाठीं वर्गणी जमवून याच्या हातीं धाडिली होती. तो तेथें मरणाच्या दारीं जाऊन आला. देवानें त्याजवर व आपणावरही दया केली, नाहीं तर दुःखावर दुःख आलें असतें, असें पौल मोकळ्या मनानें कबूल करितो. आनंदाचें पत्र लिहिणाऱ्या प्रेषितास दुःख ठाऊक होतें, काळजी होती, व मित्रांनीं धाडिलेल्या पैशाची गरजही होती. त्याचा आनंद या गोष्टींवर टांगलेला नव्हता, एवढेंच.

पण पौल दूरचा व थोर. आम्ही आज आपणांस आपल्याच ठाण्यांतला एक मनुष्य दाखविणार आहों.

ठाणें-कल्याणच्या भूमीस ख्रिस्ताचें नांव पोर्तुगीजांनीं प्रथम ऐकविलें अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. सहाव्या शतकांत कॉसमस नांवाचा एक ग्रीक भाषेंत लिहिणारा व्यापारी कल्लियाना या बंदराचा उल्लेख करून तेथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें सांगतो. तें ठिकाण आपलें कल्याणच असें बहुतेक विद्वान मानतात. पुढें १३२१ सालीं, म्हणजे वास्को द गामाच्या पावणेदोनशें वर्षें आधीं, ठाण्यास पांच परदेशी मनुष्यें जहाजांतून उतरलीं. त्यांस जावयाचें होतें कोल्लमला. वाऱ्यानें त्यांस ठाण्याच्या खाडींत आणून सोडिलें. त्यांपैकीं तोलेंतीनोचा तोमास, पादुआचा याकोब व सिएनाचा पेत्र हे संत फ्रान्सिसच्या संघाचे संन्यासी. देमेत्रियस हा त्यांचा दुभाषी बंधु. आणि पांचवा जॉर्डन, हा संत दोमिनिकच्या संघाचा फ्रेंच धर्मगुरु. ठाण्यांत तेव्हां नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं असें पुढें येथें आलेला संन्यासी ओदोरिक लिहून ठेवितो. त्यांतल्याच एका घरीं हे उतरले.

जॉर्डनला फारसी भाषा येत होती, म्हणून त्यास भडोचकडच्या ख्रिस्ती लोकांची विचारपूस करण्यास पाठविण्यांत आलें. तो गेला, आणि इकडे घात झाला. ओदोरिक सांगतो कीं, ज्या घरीं हे पाहुणे होते तेथें नवराबायकोचें भांडण झालें, नवऱ्यानें बायकोस मारलें, ती काजीकडे दाद मागावयास गेली, व साक्षीदार म्हणून या संन्याशांचें नांव निघालें. तेथून धर्माच्या वादास तोंड लागलें, आणि ९ एप्रिल रोजीं तिघांचा व ११ एप्रिल रोजीं पेत्राचा शिरच्छेद झाला. ईस्टरचा सण त्या वर्षीं १९ तारखेस होता. (हा इतिहास सांगतांना आम्ही नेहमीं एक गोष्ट जोडतों. सातशें वर्षांपूर्वींच्या एका अंमलदाराच्या कृत्याचा आपल्या आजच्या मुसलमान शेजाऱ्यांशीं कांहींही संबंध नाहीं. ओदोरिकच सांगतो कीं, ही वार्ता दिल्लीस गेल्यावर सुलतानानें त्या अंमलदारास शासन केलें.) तोमास यास पोप तेरावे लिओ यांनीं १८९४ सालीं धन्य म्हणून मान्यता दिली.

या चौघांच्या धैर्याविषयीं बोलावें तितकें थोडें. ज्या संत फ्रान्सिसचे ते पुत्र होते, त्यानें कडक थंडींत वाट चालतांना बंधु लिओ यास पूर्ण आनंद म्हणजे काय हें शिकविल्याची कथा आपण ऐकली असेल: चमत्कार करणें हा पूर्ण आनंद नव्हे, सर्व विद्या येणें हाही नव्हे, भुकेल्या व भिजलेल्या स्थितींत आपल्याच मठाच्या दारावरून मार खाऊन हांकलले गेलों व तें प्रभूच्या प्रीतीनें सोसलें, तर तो पूर्ण आनंद. ही शिकवण त्या तिघांनीं व त्यांच्या दुभाष्यानें ठाण्यांत खरी केली. परंतु रक्तसाक्षींचें दुःख दोन दिवसांत संपलें. आम्हांस आज विचार करावासा वाटतो तो मागें राहिलेल्या पांचव्याचा.

जॉर्डन परत आला तेव्हां सोबत्यांचीं प्रेतें उरलीं होतीं. जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीनें त्यानें तीं सोपाऱ्यास नेऊन संत तोमासच्या देवळांत पुरलीं. आणि मग तो एकटा राहिला. या किनाऱ्यावर त्याचा दुसरा धर्मगुरु नाहीं, स्वतःचें पाप सांगावयास कोणी कुमसार ऐकणारा नाहीं, आपल्या भाषेंत बोलणारा क्वचितच. त्यानें लिहिलेलीं दोन पत्रें आजही उपलब्ध आहेत. दुसरें पत्र ठाण्याहूनच, १३२४ च्या आरंभीं लिहिलेलें आहे. चांच्यांच्या हातीं सांपडणें, कैद, खोटे आरोप, शिव्याशाप, भूक, तहान, उन्हाळा, अंगावर धड वस्त्र नसणें, शरीराचीं दुखणीं, हें सर्व त्यांत आहे. सोबत्यांबरोबर आपणांस मरण आलें नाहीं याची खंतही आहे. तो कांहीं लपवीत नाहीं. हंसतमुख साधूचें सोंग त्यानें आणिलें नाहीं, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

परंतु त्याच पत्रांत तो एक हिशेबही देतो: भडोचास सुमारें नव्वद जणांस आणि ठाणें व सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांस त्यानें बाप्तिस्मा दिला होता. आणि तो आपल्या बंधूंस लिहितो कीं, या, येथें काम पुष्कळ आहे. ज्या गांवानें सोबती गिळले, त्या गांवीं बसून हा मनुष्य दुसऱ्यांस बोलावतो!

पुढें १३२९ सालीं पोप बावीसावे योहान यांनीं त्यास कोल्लमचा बिशप नेमिलें. त्यानें हिंदुस्थानाविषयीं लॅटिन भाषेंत एक लहानसें पुस्तक लिहिलें आहे. ज्यानें या भूमींत एवढें सोसलें, त्याचें पुस्तक कडू असावें अशी आपली अपेक्षा असते. त्यांत काय आहे? त्यांत नारळ आहे, ताडी काढण्याचें झाड आहे. एक फणस पांच माणसांस पुरतो असें मोठ्या नवलानें सांगितलें आहे. आंब्याच्या गोडीचें वर्णन करण्यास शब्द अपुरे पडतात असें म्हटलें आहे. आणि या देशाचे लोक जेवणाखाणांत स्वच्छ, बोलण्यांत सच्चे व न्यायाला धरून वागणारे आहेत अशी साक्ष दिली आहे. आम्ही ही साक्ष प्रथम वाचिली तेव्हां पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलों. ज्याच्या अंतःकरणांत देवाचा आनंद उरला आहे, त्यासच शत्रूच्या गांवचा आंबा गोड लागतो. दुःखानें पोखरलेल्या मनुष्यास प्रथम चव सोडून जाते. आणि मग शेजाऱ्याविषयीं चांगलें बोलण्याची शक्ति सोडून जाते. जॉर्डनची चवही गेली नाहीं व जीभही विटाळली नाहीं. शाश्वत आनंदाची याहून साधी खूण आम्हांस ठाऊक नाहीं.

एकटें पडण्याची पाळी पुढें या भागांतल्या सबंध ख्रिस्ती समाजावरच आली. १७३७ सालीं ठाणें व १७३९ च्या मे महिन्यांत वसई मराठ्यांनीं जिंकली. तहांत धर्मपालनाची मोकळीक मिळाली खरी. परंतु पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपियन संन्यासी गेले, मठ ओसाड पडले. मागें राहिले ते शेतकरी, कोळी, कारागीर, व त्यांची सेवा करणारे गोमंतकाचे थोडे देशी धर्मगुरु. सत्तेच्या लोभानें जे ख्रिस्ती झाले असतील त्यांस आतां राहण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरीही हे लोक राहिले, आणि त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनीं आज येथील बांकें भरलीं आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली व सर्व साष्टींत पसरली, तेव्हां गांवोगांव लोकांनीं वाटेच्या कडेला क्रूस उभारून त्यांच्या पायथ्याशीं प्रार्थना केल्या. त्यांतले कित्येक क्रूस अजून उभे आहेत. त्यांस फुलांची माळ घालणाऱ्या म्हाताऱ्या बायांस सन विचारला तर सांगतां येणार नाहीं, परंतु माळ चुकत नाहीं.

आतां आपल्या दिवसांकडे येऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, व पुढल्या वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोहोंचला. त्या मार्गानें आपणांस भाकरी दिली, आणि तोच मार्ग रोज आपलें रक्तही मागतो. ९ जून २०२५ रोजीं दिवा व मुंब्रा यांच्यामध्यें भरगर्दीच्या गाड्यांतून माणसें खालीं पडून मेलीं. १९८२ च्या गिरणी-संपानें किती घरें उठलीं तें येथील वडील मंडळी जाणतात. २६ जुलै २००५ च्या महापुरांत कल्याणच्या वस्त्याच्या वस्त्या पाण्याखालीं गेल्या. डोंबिवलीच्या कारखान्यांतील स्फोटांनीं २०१६ च्या व २०२४ च्या मे महिन्यांत माणसें मारलीं. आणि २०२० सालीं तर देवळांचीं दारेंच बंद झालीं. त्या वर्षीं कित्येकांनीं आपल्या आईबापांस वीस माणसांच्या सोबतीनें मूठमाती दिली, कित्येकांस तेवढेंही लाभलें नाहीं. तो शोक अजून कित्येकांच्या पोटांत तसाच आहे, कारण तो मोकळा करावयास त्यांस वेळच मिळाला नाहीं. अशांनीं नोव्हेंबरची वाट न पाहतां आपल्या मृतांचीं नांवें मिस्सासाठीं आणून द्यावीं. त्यासाठीं दक्षिणेची अट नाहीं.

या सर्वांहून एक लहान व बिनआवाजी संकट आहे, तें वर्तमानपत्रांत येत नाहीं. काम सुटलेला मनुष्य देवळांत यावयाचा थांबतो. त्याचा विश्वास गेलेला नसतो. त्यास लाज वाटते. पूर्वीं तो सणाच्या वर्गणींत पुढें असे, मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादास त्यानें शंभर पानें उठविलेलीं असतात. आतां थाळी समोर आली तर खिशांत काय घालावें? मिस्सा संपल्यावर कोणी "काय, हल्लीं कुठें?" असें विचारलें तर काय सांगावें? म्हणून तो आधीं मागच्या खांबाआड उभा राहतो, मग दाराबाहेर, मग घरीं. ज्या वेळीं त्यास ख्रिस्ताच्या शरीराची सर्वांत अधिक गरज, त्याच वेळीं तो त्यापासून तुटतो. आणि आपण म्हणतों, अमका थंड झाला!

बंधूंनो, आनंद ही एकट्यानें साठविण्याची वस्तु असती तर त्या मनुष्यास घरीं बसूनही ती मिळाली असती. परंतु प्रभूनें आपला आनंद शिष्यांस दिला तो एका मेजाभोंवतीं, शेवटच्या भोजनाच्या रात्रीं, दुसऱ्या दिवशींचा क्रूस समोर दिसत असतांना. तो आनंद कोणी हिरावून घेणार नाहीं असें वचनही त्यानें तेथेंच दिलें. त्या मेजावरून एकही मनुष्य लाजेनें उठून जातां कामा नये. जॉर्डनला सोबती हवे होते म्हणून त्यानें पत्रें लिहिलीं. पौलाला एपफ्रदीत हवा होता. मोठमोठ्या संतांस जें एकट्यानें जमलें नाहीं, तें डोंबिवलीच्या एका खोलींतल्या बेकार कारकुनानें एकट्यानें करावें, असें आपण कसें म्हणूं शकतों?

म्हणून समितीच्या संमतीनें आम्ही आज तीन गोष्टी जाहीर करितों. ज्युबिलीच्या वर्गणीच्या वहींत ज्यांच्या नांवापुढें बाकी लिहिली आहे, ती बाकी आज खोडली गेली आहे. शिंग फुंकण्याचा मूळ अर्थच ऋण सोडणें असा आहे, आणि ज्युबिलीच्याच नांवानें आपण गरिबाकडे बाकी मागूं लागलों तर लेवीयाचें पुस्तक आपल्याविरुद्ध साक्ष देईल. दुसरें, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींनीं काम सुटलेल्या घरांची चौकशी करावी, पण दोघां-दोघांनीं जावें, संध्याकाळीं दिवे लागल्यावर जावें, व हातांत वही नेऊं नये. तिसरें, दर शनिवारीं सहा वाजल्यापासून आम्ही कुमसारासाठीं बसूं. ज्यांस पाप सांगावयाचें नसेल, नुसतें दुःखच सांगावयाचें असेल, त्यांनींही यावें. आम्ही रांगेंत भेद करणार नाहीं.

आणखी एक सांगावयाचें राहिलें. ९ एप्रिलला ठाण्याच्या या चौघांच्या नांवानें मिस्सा करावा अशी कित्येकांची इच्छा आहे. तो दिवस पुष्कळदां उपवासकाळांत किंवा ईस्टरच्या आठवड्यांत येतो, तेव्हां उपासनेचे नियम पाहून तारीख ठरवूं. त्या दिवशीं आम्ही जॉर्डनचें दुसरें पत्र मराठींत वाचून दाखवूं. तें फार लांब नाहीं. मुलांस अवश्य आणावें.

आतां मंडळी जेवणास बसतील. आम्हांस मात्र, ज्यांस आज येथें येतां आलें नाहीं अशा दहा-बारा आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन संध्याकाळपूर्वीं जावयाचें आहे, व त्यांतील बहुतेक घरें तिसऱ्या-चवथ्या मजल्यावर असून जिन्यावरचे दिवे बंद आहेत. ज्या तरुणांस बरोबर यावयाचें असेल, त्यांनीं चार वाजतां मागच्या दाराशीं यावें.